नित्य व्यवहारातील अहिंसा : बोर्डी परिसराच्या दृष्टांतातून एक पाठ

अहिंसा हा आचाराचा पाया आहे, हे वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. पाणी गाळून घ्यावे, भूमी पाहून पाऊल टाकावे, आवश्यकतेपेक्षा अधिक घेऊ नये, हे आचार भिक्षूंच्या अंगवळणी पडलेले असतात. वासनिकांच्या घरीही ते यथाशक्ती पाळले जातात. परंतु या आचारांची घडण झाली त्या काळी हिंसा करणारा हात आणि हिंसा पावणारा जीव बहुधा समोरासमोर असत. आता तसे राहिलेले नाही. भिंतीवरची कळ दाबली की दिवा लागतो. त्या दिव्यापायी दूर कोठे कोळसा जळतो, हे दिसत नाही. वस्तू दारात येते, तेव्हा ती कशाची हानी करून आली हे दिसत नाही. ती उकिरड्यावर टाकली, की पुढे कोणाच्या पोटात गेली हेही दिसत नाही. वापराची दोन्ही टोके दृष्टीआड झाली आहेत, आणि जे दिसत नाही त्याचा दोष मनाला लागत नाही. ही दोन टोके पुन्हा दृष्टीस कशी आणावीत, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. त्यासाठी कोकणच्या उत्तर टोकावरील बोर्डी आणि तिच्या आसपासचा डहाणू तालुका हा दृष्टांत म्हणून घेतला आहे. कारण या एकाच परिसरात वापराची दोन्ही टोके जवळजवळ उभी असलेली दिसतात.

स्थलपरिचय

बोर्डी हे पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत समुद्रकाठी वसलेले गाव आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे, आत चिकूच्या वाड्या आणि पूर्वेकडे वारली समाजाचे पाडे, असा हा प्रदेश. येथील चिकूला २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. याच तालुक्यात कोळशावर चालणारे ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. म्हणजे झाडाखाली पडलेल्या फळापासून मुंबईच्या उपनगरांतील दिव्यापर्यंतचा व्यवहार येथे एका तालुक्याच्या सीमेत पाहावयास मिळतो.

पहिला दृष्टांत : बालवाडीचे साहित्य

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या वतीने बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरी पद्धतीचे शिक्षण खेड्यातील मुलांस द्यावयाचे होते. परंतु त्या पद्धतीचे घडीव साहित्य महाग असल्याने ते खेड्यास परवडणारे नव्हते. त्यावर या दोघींनी शोधलेला उपाय मननीय आहे. त्यांनी परिसराकडे पाहिले. समुद्रकाठी शिंपले होते, झाडाखाली बिया होत्या. पाने, फुले, खडे, बांबू आणि माती यांना तर तोटाच नव्हता. गणतीसाठी बिया, वर्गीकरणासाठी शिंपले, रंगज्ञानासाठी पाने-फुले, असे साहित्य उभे राहिले. काम झाले की ते पुन्हा मातीत मिसळत असे. त्याचे येणे आणि जाणे, दोन्ही मुलांच्या डोळ्यांदेखत घडे.

या केंद्राने दुसरीही एक गोष्ट केली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना रूढ झाली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. तेथे शाळेने जागा बदलली. मुलांच्या जगण्याची रीत मोडली नाही.

या दृष्टांताचे मर्म असे : साधन कमी पडते तेव्हा मनुष्य प्रथम बाजाराकडे पाहतो, विवेकी मनुष्य प्रथम भोवती पाहतो. आज ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेल्या कित्येक वस्तू विक्रीस येतात. घरातील जुन्या लुगड्याची पिशवी शिवता येत असताना नवी कापडी पिशवी विकत घेणे, चांगले पितळी भांडे माळ्यावर ठेवून बांबूचे नवे भांडे आणणे, हा संयम नव्हे. तो संग्रहाचाच नवा वेश होय. जी वस्तू घरात आहे ती झिजेपर्यंत वापरणे, मोडली तर सांधणे आणि सांधता न आली तरच दुसरी आणणे, हा क्रम प्रथम ध्यानात ठेवावा.

दुसरा दृष्टांत : वाडी आणि विहीर

चिकूच्या फळात शिरून बी पोखरणारी अळी ही या भागातील बागाईतदारांपुढील मोठी अडचण आहे. किडलेले फळ गळून झाडाखाली तसेच पडून राहिले, तर कीड तेथे वाढून पुन्हा झाडावर जाते. म्हणून गळलेली फळे वरचेवर वेचून त्यांचा नाश करणे, वाडी स्वच्छ आणि मोकळी ठेवणे, हे उपाय कृषितज्ज्ञ सांगतात. यातही जीवहानी आहेच, हे नाकारता येत नाही; गृहस्थाच्या शेतीत ती सर्वस्वी टळत नाही. परंतु विषारी फवाऱ्यात किडीबरोबर मधमाशी, कोळी आणि किडी खाणारा पक्षीही सापडतो. जेथे दोष अटळ आहे तेथे अल्प दोषाचा मार्ग शोधणे, आणि त्यासाठी अधिक श्रम पत्करणे, हाच गृहस्थाचा विवेक. जे फळ चांगले आहे पण बाजारात टिकणार नाही, त्याच्या फोडी वाळवून ठेवण्याची रीतही येथे आहे. उन्हाखेरीज तिला दुसरे इंधन लागत नाही.

किनाऱ्यावरच्या विहिरीचा विचार याहून सूक्ष्म आहे. समुद्राजवळील जमिनीत पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. भूजलशास्त्राच्या हिशेबाप्रमाणे गोड्या पाण्याची पातळी एक हात उतरली, तर खालच्या खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने सुमारे चाळीस हात वर चढू शकते. म्हणजे पंप लावून उपसलेल्या अधिक पाण्याचे मोल एकास एक असे नसते. एकाने उधळले की शेजाऱ्याची विहीरही खारावते. म्हणून नळ मोकळा न सोडणे, कपडे-भांड्यांचे कमी साबणाचे पाणी केळी-अळूकडे वळवणे, पालापाचोळा न जाळता झाडाच्या आळ्यात पसरून ओल धरणे आणि पावसाळ्यात छपराचे पाणी जमिनीत मुरवणे, या गोष्टी केवळ काटकसरीच्या नव्हेत. त्या शेजारधर्माच्या आहेत.

तिसरा दृष्टांत : वीज

डहाणूच्या वीज केंद्राच्या धुरातील गंधकवायू बागांना व माणसांना बाधक होऊ नये, म्हणून तो शोषून घेणारी यंत्रणा बसवावी, असा आग्रह धरला गेला. ती २००७ मध्ये उभी राहिली. तरीही यंत्रणेने गंधक अडते, कोळशाचे जळणे थांबत नाही. आपल्या देशात कोळशापासून एक युनिट वीज करण्यास सामान्यतः अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. ६० वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला, तर महिन्यास ९ युनिट वीज जाते. तेवढाच प्रकाश देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. एका दिव्यामागे महिन्याला सुमारे चार किलो कोळसा वाचतो. रिकाम्या खोलीतील दिवा आणि पंखा बंद केल्याने याहूनही अधिक वाचतो, आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही.

शंका आणि समाधान

येथे कोणी शंका घेईल : ‘घरोघरी दिवे मालवून आणि पिशव्या शिवून काय होणार? परिसराचे भवितव्य मोठ्या निर्णयांनी ठरते.’ ही शंका पोकळ नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला, उद्योगांची हिरवा, नारिंगी व लाल अशी वर्गवारी केली आणि लाल वर्गातील उद्योगांस मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानंतर त्याच वर्षी डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदरास नकार दिला. पुढे २०१९ मध्ये धर्माधिकारी यांचे निधन झाले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या आराखड्याच्या बंदरास अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी विरोध केला, शासनाने रोजगार आणि व्यापार यांचे कारण सांगितले. ज्या कायद्याच्या आधाराने एक पिढी निश्चिंत राहिली, त्याच चौकटीतून दुसरा निर्णय निघू शकतो, हे यावरून दिसते.

तर समाधान असे. घरातील संयम हा कायद्याला पर्याय नव्हे. जो तसे सांगतो तो मोठ्यांचा भार लहानांच्या डोक्यावर देतो. परंतु कायदा हाही संयमाला पर्याय नव्हे. बंदरे, वीज केंद्रे आणि खाणी मागणीपायी उभ्या राहतात. त्या मागणीत प्रत्येक घराचा वाटा असतो. ज्याची मागणी अमर्याद आहे, त्याने दुसऱ्याच्या दारातील प्रकल्पास नाही म्हणण्यात बळ नसते. संयमी मनुष्याच्या शब्दाला मात्र वजन येते, कारण तो स्वतःपासून आरंभ करून बोलतो.

दुसरी शंका : ‘डोंगरातील वारली कुटुंब कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या घरात राहते; मग त्याने आणखी काय सोडावे?’ याचे उत्तर असे की, अभावातून आलेली काटकसर आणि विवेकातून आलेला संयम या भिन्न गोष्टी होत. ज्याला पुरेसे मिळालेले नाही त्याला त्यागाचा उपदेश करणे अनुचित आहे. त्याच्याकडून शिकावे, त्याच्या वाट्याचे पाणी व जंगल राखावे. सोडण्याचा आरंभ ज्याच्याकडे अधिक आहे त्याने करावा.

दार्ष्टांतिक

आता दृष्टांतातून घ्यावयाचा बोध नित्य आचारात कसा उतरावा, ते पाहू.

स्वयंपाकघरातील ओला कचरा सुक्या कचऱ्यात मिसळू देऊ नये. ओल्या कचऱ्याच्या एका भागास सुक्या पाल्याचे दोन भाग घालून खड्ड्यात किंवा छिद्रे पाडलेल्या पिंपात ठेवावे. पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी, आठवड्याने वरखाली करावे. दोन-तीन महिन्यांत खत होते. हाच कचरा वारा न लागता ढिगात कुजला, तर त्यातून पृथ्वीची उष्णता वाढवणारा मिथेन वायू निघतो. फरक केवळ वाऱ्याचा आणि माणसाच्या आळसाचा आहे.

पंगती आणि उपहार यांच्या प्रसंगी विशेष दक्षता हवी. महाराष्ट्रात २०१८ पासून अनेक प्रकारच्या प्लास्टिक वस्तूंवर आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आहे. तरीही ऋद्धपूर, फलटण यांसारख्या स्थानी यात्रा भरते तेव्हा पेले आणि द्रोण यांचा प्रश्न उभा राहतोच. पळसाच्या पत्रावळी वापराव्यात, अथवा आश्रमाने धातूची ताटे एकदाच घेऊन पंगतीस द्यावीत आणि जेवणाऱ्याने आपले ताट आपण धुवावे. यात्रेकरूने घरून तांब्या-पेला आणावा. पानात हवे तेवढेच घ्यावे. टाकलेल्या अन्नाबरोबर ते पिकवणारे पाणी, माती आणि शेतकऱ्याचे श्रमही टाकले जातात. वस्त्र अर्पण करावयाचे तर घेणाऱ्याची गरज विचारून करावे; गाठोड्यात पडून राहणाऱ्या वस्त्राने ना देणाऱ्याचे हित होते, ना घेणाऱ्याचे.

जवळच्या वाटेस पायी जावे. अटन करणाऱ्या भिक्षूस हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आता आश्रमांच्या दारीही वाहने उभी असतात, म्हणून त्याचे स्मरण करून द्यावे लागते. दूर जाणे असेल तर एकेकट्याने जाण्याऐवजी एकत्र जावे, आणि एसटी वा रेल्वेने जाता येत असेल तर तेच करावे.

या सर्व आचारांचे सार एका कसोटीत सांगता येते. कोणतीही वस्तू हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : ही कोठून आली? आणि ही कोठे जाणार? बोर्डीच्या बालवाडीतील मुलाला हातातल्या शिंपल्याविषयी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती. शिंपला वाळूतून आला, वाळूत जाणार. ज्या वस्तूविषयी हे उत्तर देता येत नाही, ती घेताना हात थोडा आखडावा. श्रीचक्रधरांनी शरण आलेल्या सशाचे पारध्यांपासून रक्षण केले. तो ससा समोर होता, म्हणून त्याची करुणा येणे आपणांसही कठीण वाटत नाही. आजचा ससा समोर येत नाही. तो खारावलेल्या विहिरीकाठी, प्लास्टिक गिळणाऱ्या गायीच्या पोटात, कोळशाच्या धुराखाली आहे. न दिसणाऱ्या जीवाची करुणा हाती असलेल्या वस्तूच्या द्वारे आचरणे, हाच या काळी साधनवंताने आणि वासनिकाने करावयाचा अभ्यास होय.