शिकलेलं मोजलं जातं का?

यंदा सुट्टीत मुदखेडला घरी गेलो आणि दुसऱ्याच दिवशी दहावीचा निकाल लागला. धाकट्या बहिणीला चांगले मार्क पडले. पेढे वाटून झाले. रात्री जेवताना बाबांनी विषय काढला, "आता पुढं काय? अकरावी सायन्स का डिप्लोमा?" मामा म्हणाले, "हुशार लेकरू आहे, लातूरला टाका." आई म्हणाली, "लातूरचं राहणं, जेवण, क्लास, सगळं कोण भरणार?" आमची दीड एकराची फुलशेती. गुलाबाला भाव असला तर ठीक, नाहीतर फुलं बांधावर. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी स्वतः डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. "दोन दिवस द्या, सांगतो," म्हणालो आणि वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो.

क्रेडिट म्हणजे काय?

एखादा विषय ठरावीक तास शिकून पास झालो की त्याचे जे गुण पदवीच्या खात्यात जमा होतात, ते क्रेडिट. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात. तिथं बरीच मुलं शाळेत असतानाच कॉलेजचे काही विषय घेतात आणि ते दोन्हीकडं मोजले जातात. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात 1974 साली अशी एक शाळा निघाली. शाळा सोडून देतील अशी भीती असलेल्या मुलांना कॉलेजच्या वातावरणात आणायचं, हा तिचा हेतू. 2001 साली त्याच शहरात बार्ड कॉलेजनं सरकारी शाळाखात्याबरोबर 'अर्ली कॉलेज' सुरू केलं. तिथली मुलं बारावीबरोबरच 60 क्रेडिटपर्यंत, म्हणजे निम्मी पदवी पदरात पाडू शकतात आणि फी लागत नाही. ज्यांच्या घरी चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी दोन वर्षं वाचणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आपल्याकडं काय?

गंमत बघा, आपल्याकडं अकरावीचं पोरगं "कॉलेजात जातो" असंच सांगतं. नाव ज्युनियर कॉलेज, पण तिथं शिकलेल्यातलं पदवीच्या खात्यात काहीच जमा होत नाही. बारावीला रसायनशास्त्र कितीही चांगलं केलं तरी फर्स्ट इयरला पुन्हा पहिल्यापासून.

मात्र तंत्रशिक्षणात आपल्याकडं एक रस्ता फार जुना आहे. त्याला कोणी क्रेडिट म्हणत नव्हतं एवढंच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला किंवा बारावी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आधी शिकलंय ते मान्य करून एक वर्ष सोडायचं, तत्त्व तेच.

आता वर्षांचा हिशोब करू. अकरावी-बारावी 2 आणि डिग्री 4, एकूण 6 वर्षं. डिप्लोमा 3 आणि डिग्रीची 3, एकूण तेही 6 वर्षंच! म्हणजे डिप्लोमात वेळ वाचतो हा गैरसमज आहे. मात्र तिसऱ्या वर्षी हातात नोकरी लागेल असा एक कागद असतो. घरची गाडी रुळावरून घसरली तर तिथं थांबता येतं. बारावीच्या कागदावर ते तितकं सोपं नाही. आयटीआयवाल्याचा हिशोब 2 अधिक 2 अधिक 3, म्हणजे 7 वर्षं. सूट नसती तर त्याला 9 लागली असती. त्याच्यासाठी मात्र दोन वर्षं खरोखर वाचतात.

मला लागलेली ठेच

आता माझी गोष्ट. डिप्लोमाची तीन वर्षं मी मुदखेड-नांदेड रेल्वेचा पास काढून केली. वर्कशॉप, ड्रॉइंग, प्रॅक्टिकल यांत पक्का झालो. सेकंड इयरला आलो तेव्हा लेथवर माझा हात बारावीवाल्यांपेक्षा चांगला चालायचा. पण पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्री समोर आलं. लाप्लास, फुरिए! सर फळ्यावर म्हणाले, "हे तुम्ही फर्स्ट इयरला केलेलंच आहे," आणि पुढं गेले. ते एम-वन, एम-टू मी केलेलंच नव्हतं. प्रवेशही उशिरा झालेला, तोवर एक युनिट संपलेलं. लाजेनं कोणाला विचारलं नाही आणि विषय राहिला. पहिल्या वर्षाची सूट मला मिळाली होती, पण त्या वर्षाचं गणित कोणी दिलं नव्हतं. पुढच्या परीक्षेआधी रूममेटच्या फर्स्ट इयरच्या वह्या घेऊन दोन महिने बसलो, तेव्हा कुठं तो सुटला.

म्हणून ज्युनिअर मित्रांना सांगतो, सूट घ्या, पण सुटलेला भाग सुट्टीतच भरून काढा. डिप्लोमाचा शेवटचा पेपर आणि डिग्रीचा पहिला तास यांच्यामधले दिवस त्यासाठीच आहेत.

नवीन काय आलंय?

2021 मध्ये यूजीसीनं 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम काढले. बँकेत पैसे ठेवावेत तसे मिळवलेले क्रेडिट खात्यात राहतात. 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात शाळेचा अभ्यासही मोजायचं ठरलं आहे: वर्षाला 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट, अर्थात 30 तासांना एक. पण घाईनं हुरळून जाऊ नका. प्रत्येक इयत्तेची पातळी वेगळी धरली आहे, दहावीची 3 तर बारावीची 4. त्यामुळं बारावीचे 40 क्रेडिट बी.टेक.मधून वजा होत नाहीत. 'स्वयम'वरचे एनपीटीईएलचे कोर्स मात्र शाळकरी मुलंही लावू शकतात. त्याचे क्रेडिट पुढं धरायचे की नाही, हे त्या वेळचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. म्हणून आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

तिसऱ्या दिवशी हा सगळा हिशोब मी बहिणीपुढं ठेवला. निर्णय तिच्यावर सोडला. ती बराच वेळ कागदाकडं बघत बसली, मग म्हणाली, "दादा, डिप्लोमा करते. पण तुझं जे राहिलं ते माझं राहायला नको. गणित तू शिकवायचं."

फॉर्म भरला. आता सुट्टीला घरी गेलो की आमचा ओसरीवर गणिताचा तास असतो. त्या तासाचं क्रेडिट कुठल्याच खात्यात जमा होणार नाही, पण तिचं एम-थ्री राहणार नाही एवढं नक्की!

— एक डायरेक्ट सेकंड इयरवाला, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी