तुम्ही नेमके कोणाच्या रोलवर?

बारामती-इंदापूरच्या माणसाच्या मनात नोकरीची जी कल्पना आहे, ती साखर कारखान्यांनी आणि वालचंदनगरनं घडवली. कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी वसाहत उभी केली. पुढं माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने आले. रीत सगळीकडं जवळपास सारखीच होती. कुणाच्या तरी ओळखीनं आत लागायचं, सुरुवातीची वर्षं हंगामी म्हणून काढायची, साहेबांच्या नजरेत राहायचं आणि जागा निघाली की कायम व्हायचं. कायम झालं की पोरांच्या शिक्षणाची, दवाखान्याची, म्हातारपणच्या फंडाची चिंता बरीच मिटायची. धीर धरणाऱ्याला त्या व्यवस्थेत खरोखरच फळ मिळत होतं.

मी गेली बरीच वर्षं बारामती एमआयडीसी आणि लोणी देवकरच्या कारखान्यांसाठी माणसं निवडते. मुलाखतीला येणारा मुलगा बाविशीचा असतो, पण घरून त्याला मिळालेला सल्ला वडिलांच्या काळातला असतो : ‘चिकटून राहा, करतील कायम.’ या सल्ल्यापायी चांगल्या मुलांची उमेदीची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितेय.

निमगाव केतकीकडचा एक मुलगा आमच्याकडं मुलाखतीला आला होता. आयटीआय फिटर. व्हर्निअर हातात दिला तर माप झटकन आणि बरोबर सांगितलं, ड्रॉइंग वाचता येत होतं, बोलणं सरळ. आम्हाला दोन वर्षांचा अनुभव असलेला माणूस हवा होता. ‘तीन वर्षं झाली मॅडम, कंपनीतच आहे,’ असं म्हणून त्यानं एका कारखान्याचं नाव सांगितलं आणि गळ्यातला पास पुढं केला. लॅमिनेशन केलेला पास. वर कंपनीचं ठसठशीत बोधचिन्ह, मध्ये त्याचा फोटो आणि अगदी तळाशी, जिथं कडा झिजून पांढरी पडली होती तिथं, बारीक अक्षरात एका कंत्राटदाराचं नाव. तीन वर्षं तो पास गळ्यात घालून वावरला, पण त्या शेवटच्या ओळीचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. तो कंपनीत नव्हताच. तो कंत्राटदाराकडं होता.

नियुक्तीपत्र? दिलं नाही. पगाराची स्लिप? मागितली नाही. मग त्याच्याच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. सुरुवातीचे पाच महिने पैसे जमा झालेले, नंतर मोठी पोकळी, मग वेगळ्याच फर्मच्या नावानं दोन महिने, पुन्हा काही नाही. कापून मात्र दर महिन्याला घेत होते. मध्ये दोनदा त्याला ‘ब्रेक’ दिला होता. सलग २४० दिवस भरले की माणूस हक्क सांगू शकेल, या धास्तीनं सातव्या महिन्यात घरी बसवायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी नव्या नावानं आत घ्यायचं, ही एमआयडीसीतली जुनी चाल. ‘वडील म्हणाले, जास्त विचारू नको, नजरेत येशील,’ असं तो म्हणाला. तीन वर्षांच्या घामातले सातच महिने कागदावर उरले होते.

पुढं काय केलं तेही सांगते, कारण अशा वेळी मुलं कंत्राटदाराच्या दारात खेटे घालतात आणि तिथंच थकतात. कंत्राटदारानं पीएफ भरला नाही तर तो भरण्याची जबाबदारी शेवटी मुख्य कंपनीवर येते. त्याला सांगितलं, बँकेचं स्टेटमेंट आणि पासबुकची प्रिंट लावून कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज दे, पोच घे, आणि तीच तक्रार ईपीएफओच्या पोर्टलवरही टाक. कंपनीनं कंत्राटदाराचं बिल अडवलं आणि महिनाभरात बरीचशी रक्कम खात्यात आली. अनुभवाचा दाखला मात्र त्या कंत्राटदारानं शेवटपर्यंत दिला नाही. तोवर आमची जागा भरली गेली होती. तो आज दुसरीकडं आहे, पण पगार पुन्हा नवख्याचा.

म्हणून माझं पहिलं सांगणं. मुलाखतीत ‘पगार किती’ याच्या आधी विचारा, ‘मी कोणाच्या रोलवर असणार?’ एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवणारी तीन माणसं तीन वेगवेगळ्या नात्यानं तिथं उभी असतात. एक कंपनीच्या रोलवरचा, एक कंत्राटदाराचा, एक अ‍ॅप्रेंटिस. अ‍ॅप्रेंटिसला १९६१ च्या कायद्यानं विद्यावेतन मिळतं. ते शिकणं आहे, शेवटी प्रमाणपत्र हातात येतं, पण पुढं नोकरी देण्याचं बंधन सहसा कंपनीवर नसतं. तिन्हींपैकी कुठलंच वाईट नाही. कंत्राटदाराकडं काम करून पुढं कंपनीत घेतलेले लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण ज्यांची सेवा कागदावर होती, त्यांनाच ती संधी आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. ते मागण्यात उद्धटपणा नाही. मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडं कामाला लागायचं का, हा विचार तिथंच करा.

पगाराचंही उघड बोलायला हवं. पोरगं ‘बावीस हजाराची नोकरी लागली’ म्हणून गावात पेढे वाटतं आणि पहिल्या महिन्याला सोळा हजार खात्यात आले की फसवलं म्हणून काम सोडतं. फसवलेलं नसतंही. बावीस हजार हा कंपनीला पडणारा एकूण खर्च, सीटीसी. समजा त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३ हजार आहेत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि त्यावरचा आकार धरून १३ टक्के, म्हणजे १,६९० रुपये, त्यातच धरलेले. ग्रॅच्युइटीचे साधारण ६२५, बोनसचे १,०८३, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, कंपनीकडचे ५८५ हेही त्यातच. उरले साधारण १८ हजार. आता तुमच्या बाजूची कपात : पीएफचे १२ टक्के म्हणजे १,५६०, ईएसआयसीचे १३५ आणि व्यवसाय कराचे २००. हातात १६,१०० च्या आसपास. कँटीन आणि बस वेगळी. कपातीतला पीएफ तुमचाच साठा आहे, तो गेला असं समजू नका. पण हा हिशोब कागदावर मांडून देणं मुलाखत घेणाऱ्याचं काम आहे, आणि आमच्या क्षेत्रातली बरीच मंडळी ते टाळतात. मोठा आकडा सांगितला की माणूस लवकर ‘हो’ म्हणतो, एवढंच त्यामागचं कारण. महिन्याभरात तीच जागा पुन्हा रिकामी होते.

ईएसआयसीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात मागा. महिन्याचा एकूण पगार २१ हजारांपर्यंत असेल तर तुम्ही त्या योजनेत बसता. प्रेस शॉपमधला अपघात तुमची किती दिवस नोकरी झाली हे विचारून होत नाही. कामावरच्या इजेचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, पण नोंद तर झालेली हवी.

आता कागदांतल्या नावांविषयी. विषय किरकोळ वाटेल, पण याच्याइतके अर्ज दुसऱ्या कशानं अडकलेले मी पाहिले नाहीत. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहिली, आधार काढताना पुरावा नव्हता म्हणून तिथं १ जानेवारी लागली. दाखल्यावर आधी आडनाव, आधारवर शेवटी. बायकांचं तर विचारूच नका. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमुळं आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांमुळं या भागातल्या बायका मोठ्या संख्येनं कामाला लागल्या. हातात स्वतःचा पगार आला, ही फार मोठी गोष्ट घडली. पण दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत दोन्हींची सरमिसळ. पीएफ काढायची वेळ येते ती बाळंतपणात, नाहीतर घरातल्या आजारपणात, आणि नेमका तेव्हाच अर्ज नामंजूर होऊन परत येतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आता उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढता येतो आणि त्यात नाव, जन्मतारीख आधारवरूनच येते. तेव्हा कामाला लागण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. कंत्राटदार बदलला तरी यूएएन जुनाच द्या. आणि प्रत्येक ब्रेकला पीएफ काढून मोटरसायकलचा हप्ता भरू नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पासबुक दर तीन महिन्यांनी पाहा. नेट नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते.

पैसे घेऊन नोकरी लावणाऱ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. गणवेशाचे, पासचे, ‘साहेबांचे’ म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर उठून या. मूळ कागदपत्रं दाखवायची आणि तिथल्या तिथं परत घ्यायची. ठेवून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. रोजगार मेळाव्याला जरूर जा. २ मार्च २०२४ ला बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या मैदानावर ‘नमो महारोजगार मेळावा’ भरला तेव्हा दूरदूरहून मुलं आली होती. अशा मेळाव्यात स्टॉलवर दोन गोष्टी विचारून घ्या : काम बारामतीत की चाकण-रांजणगावला, आणि रोल कोणाचा. चाकणला खोली आणि मेस धरली तर सोळा हजारांतलं घरी किती जाईल, याचा हिशोब आदल्या रात्रीच घरी बसून करा.

आता माझ्या व्यवसायातल्या मंडळींशी बोलते. ‘लोकल नको, सुट्ट्या फार मारतात’ हे वाक्य आपल्या बैठकांत सर्रास ऐकू येतं. मी या मताशी भांडत आले आहे. इथल्या बहुतेक घरांत दोन-चार गाई असतात. पहाटेची धार काढून, दूध संकलन केंद्रावर घालून मुलगा सकाळी सातच्या पाळीला पोचतो तेव्हा कधीकधी दहा मिनिटं उशीर होतो. टाइम ऑफिसात लाल शेरा पडतो आणि आपण त्याला बेशिस्त ठरवतो. मी मुलाखतीतच विचारते, ‘घरी जनावरं किती, धार कोण काढतं?’ प्रश्न ऐकून मुलं आधी चमकतात, मग मोकळी होतात. ज्याच्यावर पहाटेचं काम आहे त्याला दुसरी पाळी द्यावी. तो वर्षभर खाडा करत नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्या दिवसांत या वाटेवरच्या गावांतली निम्मी माणसं वारकऱ्यांच्या सेवेत असतात आणि रस्ताही गर्दीनं भरलेला असतो. ही तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. तरी दर आषाढाच्या तोंडावर आपण हजेरी घसरली म्हणून नोटिसा काढतो. त्या दिवसांपुरतं उत्पादनाचं वेळापत्रक हलवा, बदली सुट्टी द्या.

मुलाखतीचा निकाल कळवणंही आपल्याकडं राहून जातं. ‘कळवतो’ म्हणून पाठवलेला मुलगा पंधरा दिवस दुसरीकडं जात नाही, फोन उशाशी घेऊन बसतो. नकाराचा दोन ओळींचा निरोप त्याच दिवशी पाठवा, आणि कशात कमी पडला तेही लिहा. मापन कच्चं असेल तर तो सहा महिन्यांत ते शिकून पुन्हा येतो; असे आलेले मी घेतले आहेत. पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेल्यालाही रांगेतच बसवावं आणि तोच व्हर्निअर त्याच्याही हातात द्यावा. चिठ्ठी देणाऱ्याला निकाल फोन करून सांगितला तर तो सहसा रागावत नाही.

आणि कंत्राटदाराचं बिल. आम्ही एका कारखान्यात नियम केला : मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयसीचं चलन, सोबत कामगारांची नावनिहाय यादी, आणि ती यादी गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहिल्याशिवाय बिलावर सही नाही. सुरुवातीला दोन कंत्राटदार कुरकुरले, एक सोडून गेला. बाकीचे दर महिन्याला चलन घेऊन येतात. टाइम ऑफिसातल्या एका माणसाचं महिन्यातून अर्ध्या दिवसाचं हे काम आहे, आणि ते करायला कुठल्याही कारखान्याला वरून परवानगी आणावी लागत नाही.