खारपाणपट्ट्याचे पाणी आणि आयनमापी
उपकरण सिद्ध करण्याची व त्याच्या अंशशोधनाची रीत

उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, या दोहोंच्या मधोमध पूर्णा नदीचे खोरे पसरले आहे. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, अंजनगाव सुर्जी व भातकुली. अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर व मूर्तिजापूर. आणि पुढे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या तालुक्यांचे कमीअधिक भाग ज्या पट्ट्यात येतात, त्यास वऱ्हाडात 'खारपाणपट्टा' म्हणतात. येथील जमीन काळी, सखोल व कसदार. परंतु तिच्या पोटातील पाणी खारे. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडच्या गॅझेटिअरमध्येही पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींची आणि त्यांच्या पाण्यापासून काढल्या जाणाऱ्या मिठाची नोंद आढळते. वान, शहानूर, काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांतून नळाने गोडे पाणी आणण्याच्या योजना या भागात राबविण्यात आल्या, त्या याच कारणाने. अकोट-तेल्हारा भागातील '८४ खेडी योजना' हे नाव तर घरोघरी परिचित आहे.

तथापि नळ काही दिवस कोरडा राहिला की गावाची पावले पुन्हा विहिरीकडे आणि हातपंपाकडे वळतात. अशा वेळी पाण्याची परीक्षा बहुधा जिभेने होते. पाणी खारट लागले तर ते टाळावयाचे. गोड लागले तर प्यावयाचे. ही परीक्षा मिठापुरती ठीक आहे. परंतु पाण्यात विरघळलेले फ्लोराईड जिभेस कळत नाही. नायट्रेटचेही तसेच. गोड लागणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात आणि त्यांपैकी फ्लोराईडचा परिणाम वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. फ्लोराईडचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिल्यास बालकांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. वऱ्हाडाला लागून दूर जावयास नको. अमरावतीच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांना या विकाराचा चांगलाच परिचय आहे.

जिभेला जे कळत नाही ते कळण्यासाठी प्रयोगशाळेत अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी सुटसुटीत व विश्वासार्ह पद्धत म्हणजे आयनमापी. मात्र हे उपकरण आपण होऊन खरे बोलत नाही. त्यास खरे बोलावयास शिकवावे लागते. या शिकविण्यासच अंशशोधन म्हणतात. प्रयोगशाळेच्या रोजच्या भाषेत ते 'कॅलिब्रेशन' होय. फ्लोराईडच्या मापनाचे उदाहरण घेऊन हे काम कसे करावे आणि खारपाणपट्ट्यातील पाण्याच्या बाबतीत कोणती विशेष दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उपकरणाचे तत्त्व

आयनमापी म्हणजे मूलतः विद्युत् विभव मोजणारा अतिसंवेदनशील मापक. त्याला दोन इलेक्ट्रोड जोडलेले असतात. पहिला विशिष्ट आयनाला प्रतिसाद देणारा आणि दुसरा संदर्भ इलेक्ट्रोड. अलीकडे हे दोन्ही पुष्कळदा एकाच नळीत बसविलेले असतात. फ्लोराईडच्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी लँथॅनम फ्लोराईडचा एक चकतीसारखा स्फटिक असतो. १९६६ साली अमेरिकेतील मार्टिन फ्रँट व जेम्स रॉस यांनी हा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला आणि तोपर्यंत जिकिरीचे असलेले फ्लोराईडचे मापन सोपे झाले.

स्फटिकाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या फ्लोराईडच्या प्रमाणात फरक असला की विभव निर्माण होतो. हा विभव प्रमाणाच्या सरळ पटीत बदलत नाही. प्रमाण दहापट झाले की विभव एका ठराविक अंतराने बदलतो, हा नियम वॉल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेल्या समीकरणातून निघतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास हे अंतर सुमारे ५९ मिलिव्होल्ट असते. त्यास इलेक्ट्रोडचा 'उतार' म्हणतात. फ्लोराईड ऋणभारित असल्यामुळे त्याचे प्रमाण वाढले की विभव कमी होतो, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. तसेच केवळ एका मिलिव्होल्टची चूक झाली तरी प्रमाणात सुमारे ४ टक्क्यांची चूक होते, हेही विसरू नये.

प्रमाण द्रावांची तयारी

अंशशोधनाचा सर्व भरवसा प्रमाण द्रावांवर असतो. वाळविलेले निर्जल सोडियम फ्लोराईड २२१ मिलिग्रॅम अचूक तोलून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे आणि द्राव एक लिटर करावा. या मूळ द्रावात दर लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराईड असते. त्यातील १० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर केल्यास १० मिलिग्रॅमचा आणि १ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर केल्यास १ मिलिग्रॅमचा द्राव मिळतो. फ्लोराईड काचेशी क्रिया करीत असल्याने हे द्राव प्लास्टिकच्या बाटल्यांत साठवावेत. प्रत्येक बाटलीवर द्रावाचे नाव, प्रमाण व तयार केल्याची तारीख लिहावी. सोडियम फ्लोराईड विषारी आहे. ते तोंडाने पिपेटमध्ये ओढणे सर्वथा वर्ज्य समजावे.

यानंतर समायोजक बफर तयार करावा लागतो. प्रयोगशाळांत तो 'टिसॅब' या नावाने ओळखला जातो. सुमारे ५०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराईड आणि ४ ग्रॅम सीडीटीए घालावे. भांडे थंड पाण्यात ठेवून सोडियम हायड्रॉक्साईडचा द्राव हळूहळू मिसळावा आणि पीएच ५.३ ते ५.५ च्या दरम्यान आणावा. द्राव निवल्यावर तो एक लिटर करावा. वापरताना जितका नमुना तितकाच बफर, असे समप्रमाण ठेवावे. आणि प्रमाण द्रावांतही तो त्याच प्रमाणात मिसळावा.

बफरचे तीन उपकार

कामाची घाई असली की नवशिक्या साहाय्यकास बफर मिसळणे ही एक औपचारिकता वाटते. खारपाणपट्ट्यात मात्र सारे मापन त्यावरच उभे असते.

पहिली गोष्ट आयनबलाची. इलेक्ट्रोडला फ्लोराईडची संख्या कळत नाही, त्याची क्रियाशीलता कळते. आणि ही क्रियाशीलता पाण्यातील एकूण क्षारांवर अवलंबून असते. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेला प्रमाण द्राव आणि दर्यापूरकडील एखाद्या विहिरीचे खारे पाणी यांत फ्लोराईड सारखेच असले, तरी बफरविना दोहोंचे विभव वेगळे येतील. बफरमध्ये दर लिटरला ५८ ग्रॅम मीठ असते. त्याच्यापुढे पाण्यातील दोन-तीन ग्रॅम क्षार नगण्य ठरतात आणि प्रमाण द्राव व नमुना एकाच पातळीवर येतात.

दुसरी गोष्ट पीएचची. या पट्ट्यातील अनेक विहिरींचे पाणी सोडियमयुक्त व अल्कधर्मी असते. अल्कधर्मी पाण्यातील हायड्रॉक्साईड आयन इलेक्ट्रोडला फ्लोराईडसारखेच भासतात आणि आकडा फुगतो. उलट पाणी फार आम्ल झाले, तर फ्लोराईड हायड्रोजनशी जखडले जाऊन आकडा घटतो. बफर या दोन्ही दोषांना आळा घालतो.

तिसरी गोष्ट धातूंची. ॲल्युमिनियम व लोह फ्लोराईडला बांधून ठेवतात आणि बांधलेले फ्लोराईड इलेक्ट्रोडला दिसत नाही. सीडीटीए या धातूंना आपल्याकडे ओढून फ्लोराईड मोकळे करते.

प्रत्यक्ष अंशशोधन

१. उपकरण सुरू करून ते निर्मात्याने सांगितलेला वेळ स्थिर होऊ द्यावे. विजेचा दाब कमीजास्त होत असल्यास दाबनियंत्रकाची जोड द्यावी.

२. संदर्भ इलेक्ट्रोडमधील भरणद्रावाची पातळी पाहावी. भरण्याचे छिद्र मापनाच्या वेळी उघडे ठेवावे. ते झाकलेले राहिल्यास द्रावाचा सूक्ष्म प्रवाह थांबतो आणि आकडा भटकू लागतो.

३. सर्व प्रमाण द्राव, बफर व नमुने एकाच तापमानास येऊ द्यावेत.

४. प्लास्टिकच्या चंचुपात्रात १ मिलिग्रॅमचा प्रमाण द्राव व बफर सारख्या मापाने घ्यावेत आणि चुंबकीय ढवळणीवर संथ, एकसारख्या गतीने ढवळावेत. ढवळणीची मोटर तापते. म्हणून पात्राखाली थर्मोकोलचा तुकडा ठेवावा.

५. इलेक्ट्रोड किंचित तिरका बुडवावा, म्हणजे स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा अडकत नाही. आकडा स्थिर झाल्यावरच नोंद करावी. विरल द्रावांत यास काही मिनिटे लागतात.

६. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कागदाने टिपावा, घासू नये. त्यानंतर १० मिलिग्रॅमचा द्राव याच रीतीने मोजावा. क्रम नेहमी विरलाकडून संहताकडे ठेवावा.

७. दोन आकड्यांतील अंतर काढावे. २० ते २५ अंश तापमानास ते ५४ ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान असल्यास इलेक्ट्रोड सुस्थितीत आहे असे समजावे. उतार याहून कमी आल्यास नमुने मोजू नयेत. आधी प्रमाण द्राव नव्याने करून पाहावेत, भरणद्राव बदलावा आणि स्फटिक स्वच्छ करावा.

८. अंशशोधन झाल्यावर स्वतंत्रपणे केलेला तिसरा प्रमाण द्राव, उदाहरणार्थ २ मिलिग्रॅमचा, अनोळखी नमुना समजून मोजावा. त्याचे उत्तर बरोबर आले तरच पुढे जावे.

पाच मिलिव्होल्टची किंमत

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराईडची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. या दोन आकड्यांमधील अंतर थोडे आहे, आणि इथेच अंशशोधनातील हलगर्जीपणा महाग पडतो.

समजा, सकाळी १ मिलिग्रॅमच्या द्रावाने १०० आणि १० मिलिग्रॅमच्या द्रावाने ४२ मिलिव्होल्ट दाखविले. म्हणजे उतार ५८ झाला. दुपारपर्यंत उपकरण पाच मिलिव्होल्टने सरकले, परंतु कोणी तपासले नाही. आता एका हातपंपाच्या पाण्याने ९३ मिलिव्होल्ट दाखविले. सकाळच्या अंशशोधनाप्रमाणे हिशेब केल्यास फ्लोराईड १.३२ मिलिग्रॅम येते, म्हणजे पाणी मुभेच्या आत. वास्तविक त्या वेळी १ मिलिग्रॅमचा द्राव १०५ दाखवीत होता. तेव्हा खरे उत्तर १.६१ मिलिग्रॅम, म्हणजे पाणी मर्यादेबाहेर. उपकरण बिघडले नव्हते, रसायने खोटी नव्हती. केवळ दुपारी एकदा प्रमाण द्राव मोजून पाहावयाचा राहिला. एवढ्यावरून एका वस्तीस अयोग्य पाणी योग्य म्हणून प्यावे लागले असते. यास्तव दर दहा नमुन्यांनंतर, किंवा फार तर दोन तासांनी, एक प्रमाण द्राव पुन्हा मोजण्याचा नियम कटाक्षाने पाळावा.

वऱ्हाडचे हवामान आणि खाऱ्या पाण्याची दक्षता

अकोला व अमरावतीचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर पौषातील सकाळ चांगलीच गार असते. इलेक्ट्रोडचा उतार तापमानाबरोबर बदलतो. १५ अंशांना तो सिद्धांततः सुमारे ५७, तर ४० अंशांना सुमारे ६२ मिलिव्होल्ट असतो. सकाळच्या गारव्यात केलेले अंशशोधन दुपारच्या उष्म्यात चालवू नये. तापमान-दुरुस्तीची कळ उपकरणावर असली, तरी ती केवळ उतार सुधारते. इलेक्ट्रोडमधील अन्य सर्व बदल सुधारीत नाही.

अतिशय खाऱ्या नमुन्याबद्दल शंका वाटल्यास ज्ञात भर घालून पडताळा घ्यावा. १०० मिलिलिटर नमुन्यात मूळ द्रावाचा १ मिलिलिटर मिसळल्यास फ्लोराईड सुमारे १ मिलिग्रॅमने वाढले पाहिजे. वाढ ९० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेल्यास मूळ आकडाही ग्राह्य धरू नये.

नायट्रेटचा इलेक्ट्रोड वापरताना तर अधिक सावध राहावे. क्लोराईडचे प्रमाण नायट्रेटच्या अनेक पट असल्यास हा इलेक्ट्रोड क्लोराईडलाही नायट्रेट समजतो. खारपाणपट्ट्यात हा प्रसंग नेहमीचा. अशा वेळी चांदीच्या क्षाराने क्लोराईड काढून टाकावे अथवा अन्य पद्धतीने पडताळा घ्यावा. अन्यथा ४५ मिलिग्रॅमची मर्यादा पाणी ओलांडीत नसतानाही ओलांडल्याचे दिसेल.

आकड्यामागील गाव

अचूक मापनाचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, हातपंपापाशी होतो. नमुना घेण्यापूर्वी काही मिनिटे पंप चालवून जुने पाणी काढून टाकावे. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने विसळावी. बाटलीवर गाव, स्रोत व तारीख नोंदवावी. गावोगावचे जलसुरक्षक हे काम करीत असतात. त्यांनी आणलेल्या बाटलीला प्रयोगशाळेतील शिस्तीची जोड मिळाली तरच त्यांच्या पायपिटीचे चीज होते.

अंशशोधनाची नोंदवही म्हणूनच महत्त्वाची. दिनांक, तापमान, दोन्ही प्रमाण द्रावांचे विभव, उतार आणि पडताळ्याचे उत्तर, एवढ्या पाच रकाने पुरेत. ही वही नियमित असेल, तर एखाद्या ग्रामपंचायतीने अहवालाविषयी शंका घेतल्यास प्रयोगशाळा निःशंकपणे उत्तर देऊ शकते. स्रोत बदलावा, नळयोजनेची मागणी करावी, की नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीने फ्लोराईड काढावे, हे निर्णय याच आकड्यांवर अवलंबून असतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जिभेने खारे पाणी ओळखले. जे जिभेला कळत नाही ते ओळखण्याचे साधन आता जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध आहे. ते रोज, न कंटाळता, प्रमाण द्रावाशी ताडून पाहणे हे प्रयोगशाळेत बसलेल्या साहाय्यकाचे काम. आणि पाणी प्यावे की न प्यावे, हे खेड्यातील कुटुंब त्याच्याच शब्दावर ठरविणार आहे.