भाकरीची चवड आणि एक गणित

गणित म्हटले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. मीही दहावीनंतर गणिताला रामराम ठोकूनच इकडे आलो. तरी प्रस्तुत लेखाचा विषय गणितच आहे, कारण हे कोडे मला घरी चुलीपुढे बसून उमगले.

१९७५ साली अमेरिकन गणिती जेकब गुडमन यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या मासिकात टोपणनावाने एक प्रश्न विचारला. आचाऱ्याने लहानमोठी धिरडी (तिकडची पॅनकेक) कशीही रचून ठेवली आहेत. वाढप्याला ती मोठे खाली, लहान वर अशी लावायची आहेत. अट एकच: वरची काही धिरडी एकदम उचलून तो गठ्ठा पालथा करून तेथेच ठेवायचा. मधले एखादे ओढून काढायचे नाही. किती पालट लागतील?

एक रीत सोपी आहे. सर्वांत मोठ्या धिरड्यासकट वरचा गठ्ठा पालटा. ते माथ्यावर येईल. मग सगळी चवड पालटा. ते तळाशी जाईल. उरलेल्यांत पुन्हा तेच. प्रत्येकाला दोन पालट, शेवटच्या दोघांना मिळून फार तर एक. म्हणजे चारांना जास्तीत जास्त ५, शंभरांना १९७.

सुटीत मी हे चार भाकऱ्या घेऊन आईला दाखवले. लहानीला १, सर्वांत मोठीला ४ असे क्रमांक धरले, तर वरून खाली त्या २, ४, ३, १ अशा होत्या. माझ्या रीतीने पाच पालट झाले. (भाकऱ्यांचे काय झाले ते विचारू नका.) आई शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, “आरं, त्या थोरल्या दोघी शेजारीच हुत्या की! त्यास्नी कशापायी फोडलंस?” मग तिने पुन्हा पहिल्यासारखी चवड रचून आधी वरच्या तीन, मग दोन, मग चारही पालटल्या. तीन पालटांत काम झाले.

वसतिगृहात परतल्यावर मी ते वहीत मांडले: ३ ४ २ १, मग ४ ३ २ १, मग १ २ ३ ४. तेव्हा तिच्या बोलण्यातले गणित कळले. हात जेथे शिरतो तेथला एकच सांधा पालटात बदलतो. बाकीचे शेजार, उलट क्रमाने का होईना, तसेच राहतात. लागोपाठचे क्रमांक शेजारी असले की सांधा बरोबर, आणि परातीला ४ टेकलेली हवी. आईपुढच्या चवडीत ४-३ हा सांधा जमलेलाच होता. २-४, ३-१ आणि १-परात हे तीन चुकलेले. एका पालटात एकच सांधा सुधारतो, तेव्हा तीनांहून कमी पालटांत ते होणेच शक्य नव्हते! मी मात्र जमलेला सांधा आधी तोडला आणि नंतर पुन्हा जोडत बसलो.

हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना बिल गेट्स याच कोड्यात गुंतले होते. ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांच्यासह त्यांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची रीतही जुळलेल्या शेजाऱ्यांचे गट वाढवत जाते, आणि शंभरांना १९७ ऐवजी १६८ पालट पुरतात.

जिज्ञासूंनी ३, ५, १, ४, २ ही चवड लावून पाहावी. वर सांगितलेल्या सोप्या रीतीने सहा पालट लागतात, पण पाचांत जमते. पाचही सांधे चुकलेले असल्याने चारांत मात्र जमणार नाही. भाकऱ्या थंड झालेल्या घ्याव्यात.