आधी वही, मग मोबाईल

तायांनो, डेअरीत दूध घातलं की हातात चिठ्ठी येते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. फॅट कमी लागली तर आपण तिथंच विचारतो. दहा दिवसांनी बिल आलं की चिठ्ठ्या जुळवतो. माहितीची व्यवस्था म्हणजे हेच: मोजायचं, लिहायचं, जुळवायचं. मग गटाच्या पैशाचं एवढं का बघत नाही?

‘उमेद’मधल्या गटांचे व्यवहार आता ‘लोकोस’ ॲपवर भरतात. पण ॲप भरलेला आकडाच दाखवतं. एका गटात एका ताईंनी ५०० रुपयांचा हप्ता बैठक उठल्यावर दिला. वहीत नोंद राहिली, म्हणून मोबाईलमध्येही आली नाही. पैसे पेटीत होते, तरी ताई थकबाकीत दिसल्या.

पुढच्या बैठकीपासून एवढं करूया:

१. पैसे बैठकीतच, सगळ्यांसमोर द्या.
२. वहीत आणि आपल्या पासबुकात लगेच नोंद करून घ्या.
३. उठण्याआधी बचत, कर्जफेड, शिल्लक मोठ्यानं वाचा; पेटीतली रोकड मोजा.
४. ॲपवर भरलेले आकडे सीआरपी ताईंकडून वाचून घ्या, वहीशी जुळवा. चूक दिसली तर तेव्हाच सांगा.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हेच: हिशेब अद्ययावत ठेवणे. गटाला कर्ज देताना बँकही पंचसूत्री बघते.

वाचता येत नसेल तरी लाजू नका. डेअरीत विचारता ना, तसंच इथंही विचारा. पैसा आपलाच आहे.