घरातील वीज आणि दारातील गाडी : धुराचा हिशेब

पुसद बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर दुपारच्या वेळी उभे राहिले, तर मोटारसायकली, मालवाहू टेम्पो, काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आणि एस. टी. यांचा धूर डोळ्यांना झोंबतो. हवा बिघडते ती या गाड्यांमुळे, असा समज त्यातून होणे स्वाभाविक आहे. घरात जळणारा दिवा आणि विहिरीवर चालणारा विजेचा पंप धूर सोडत नाहीत, म्हणून ते निर्दोष मानले जातात. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा तपासून पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागते, आणि ते गणित ग्रामसेवकाला चावडीवर बसूनही करता येण्यासारखे आहे.

प्रथम कोणत्या धुराविषयी बोलावयाचे ते ठरविले पाहिजे. डोळ्यांना दिसणारी काजळी वेगळी आणि न दिसणारा कार्बन डायऑक्साइड वायू वेगळा. जुन्या क्रमिक पुस्तकांत याला कर्बाम्ल वायू म्हणत. येथे सोयीसाठी कर्बवायू म्हणू. लाकूड, कोळसा, पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस या सर्वांत कर्ब असतो. तो जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. बारा भाग कर्बाला बत्तीस भाग प्राणवायू मिळून चव्वेचाळीस भाग कर्बवायू तयार होतो. म्हणूनच एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आतबाहेर असूनही ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कर्बवायू बाहेर पडतो. डिझेलचा हाच आकडा लिटरमागे सुमारे २.७ किलो आहे. वजन वाढले कोठून, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. ते हवेतून आले, हे त्याचे उत्तर होय.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून त्याचे अखंड मापन होत आहे, आणि आज तेथील आकडा ४२० च्या वर गेला आहे. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते; त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो आणि मधले खंड लांबतात. जुलै २०२३ मध्ये पुसदच्या शेजारच्या महागाव तालुक्यात पुराने लोक अडकून पडले होते. एका पुराचे खापर एकट्या कर्बवायूवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण कोरडवाहू कपाशीवर संसार चालविणाऱ्या मुलखाला अशा पावसाची किंमत इतरांपेक्षा अधिक मोजावी लागते, हे निर्विवाद आहे.

आता विजेकडे वळू. महाराष्ट्राला कोयनेची जलविद्युत मिळते, अलीकडे सौर व पवनशक्तीही मिळते. तथापि मोठा भार अजून कोळशावर आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि कोळसा तर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागातही निघतो. कोळशापासून एक युनिट वीज करावयास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. देशातील सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तर युनिटमागे सरासरीने पाऊण किलोच्या आसपास कर्बवायू पडतो. तारांमधून येताना काही वीज वाया जाते. ती धरून घरापाशी पोहोचलेल्या युनिटला ०.८ किलो हा आकडा हिशेबास पुरे. थोडक्यात, पुसदच्या घरातील दिव्याचा धूर निघतोच. फक्त तो दूरच्या चिमणीतून निघतो.

पूस नदीच्या काठच्या एखाद्या गावातील एक मध्यम शेतकरी कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. घरात पाच माणसे. दिवे, दोन पंखे, दूरदर्शन संच व पाण्याची लहान मोटर मिळून महिन्याला साठ युनिट वीज. वर्षाला गॅसच्या आठ टाक्या. आणि एक मोटारसायकल. ग्रामसेवकाने विचारले, "काका, गाडीला महिन्याचं पेट्रोल किती लागतं?" तर बहुधा उत्तर येते, "ते कोन मोजते, भाऊ? संपलं का टाकाचं." महिन्याला दहा लिटर धरू.

विजेचे वर्षाचे ७२० युनिट, म्हणजे ५७६ किलो कर्बवायू. १४.२ किलोची एक टाकी जळली की सुमारे ४२ किलो. आठ टाक्यांचे ३३६. दोन्ही मिळून घराचे ९१२ किलो झाले. मोटारसायकलीचे १२० लिटर पेट्रोल म्हणजे २७६ किलो. ज्या गाडीला सारे दोष देतात, तिचा भाग घराच्या एकतृतीयांशाहूनही कमी भरला.

परंतु मोटारगाडी आली की चित्र पालटते. पुसद शहरातील एखाद्या नोकरदाराची गाडी वर्षाला बारा हजार किलोमीटर धावली आणि लिटरला पंधरा किलोमीटर गेली, तर आठशे लिटर पेट्रोल लागते. कर्बवायू १८४० किलो. त्याच्या घरात कूलर व शीतकपाट असल्याने महिन्याला दीडशे युनिट वीज जळते असे धरले आणि गॅस तेवढाच धरला, तर घराचे १७७६ किलो होतात. म्हणजे दाराशी उभी असलेली एक गाडी सबंध घराएवढी! अमेरिकेत हे प्रमाण निराळे आहे. तेथील पर्यावरण संरक्षण खात्याच्या हिशेबाप्रमाणे सरासरी एक मोटार वर्षाला सुमारे ४.६ टन कर्बवायू सोडते, तर एका घराच्या ऊर्जेपायी सात ते आठ टन पडतो. घर तापविणे व गार करणे हे त्याचे मुख्य कारण. मात्र तेथे एका घराला बहुधा एकाहून अधिक मोटारी असतात, हे विसरून चालणार नाही.

पुसदहून यवतमाळला जाऊन येणे सुमारे दोनशे किलोमीटर पडते. जिल्ह्याच्या कचेरीतील एका कागदासाठी एकटा माणूस मोटार घेऊन गेला, तर सुमारे ३१ किलो कर्बवायू सोडून येतो. वरच्या शेतकरी कुटुंबाची एकोणीस-वीस दिवसांची वीज तेवढ्यात चालली असती. मोटारसायकलीने हाच प्रवास नऊ किलोत होतो. एस. टी. ची गाडी लिटरला साडेचार किलोमीटर धरली आणि चाळीस उतारू असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन किलो येतात. मोटारीत पाच जण बसले, तरी माणशी सहा. गाडी कोणती यापेक्षा तिच्यात माणसे किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

येथवरचा हिशेब घराचा आणि गाडीचा झाला. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र तिसरे खाते आहे, आणि तेच सर्वांत जड आहे. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेतो. रब्बीत गहू व हरभऱ्याला नव्वद दिवस रोज सहा तास तो चालला, तर २४३० युनिट होतात; कर्बवायू १९४४ किलो. घर आणि मोटारसायकल यांची बेरीज ११८८; पंप एकटा त्याहून बराच पुढे, आणि शहरातल्या मोटारीलाही मागे टाकणारा.

एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली आहे. अडचणीतील शेतकऱ्याला तिचा आधार मोठा आहे. तथापि बिल शून्य आले म्हणून कोळसा जळावयाचा थांबत नाही, आणि विहिरीचे पाणीही फुकट परत येत नाही. रात्रीच्या पाळीत वीज आली की ऑटोस्विचमुळे पंप आपोआप सुरू होतो. धनी घरी झोपलेला असतो आणि पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जाते. अंधारात विंचूकाट्याच्या भयाने रात्री शेतात कोणी जात नाही, यात शेतकऱ्याचा दोष काढता येणार नाही. दिवसा वीज मिळणे हाच यावरचा खरा इलाज होय. त्या दृष्टीने २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषीवाहिनी योजना व २०१९ ची कुसुम योजना यांची माहिती ग्रामसेवकांनी अर्जाच्या कागदांसह गावात द्यावी. तोपर्यंत ऑटोस्विच काढून ठेवणे, फूट व्हॉल्व्ह गळत असल्यास बदलणे, अरुंद पाइप व नको तेथली वळणे टाळणे आणि स्टार्टरजवळ योग्य कपॅसिटर बसविणे एवढे तरी प्रत्येकाच्या हातचे आहे. ठिबकाने पाणी कमी लागते व पंपाचे तास घटतात. मात्र गाळणी तुंबलेली राहिली तर पंप जोर खातो आणि लाभ निघून जातो.

चुलीचे काय, असा प्रश्न महिलामंडळात विचारला जातो. पऱ्हाटी व तुराटी जाळली, तर त्यांतील कर्ब त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतलेला असतो. तो परत गेला, म्हणून त्याचा भार धरत नाहीत. जंगलातील झाड तोडून जाळले आणि त्या जागी दुसरे उगवले नाही, तर ते कर्ज फिटत नाही. परंतु चुलीचा खरा अपराध कर्बवायूचा नसून काजळीचा आहे. ती स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या व तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जाते. गॅसची टाकी कोपऱ्यात ठेवून भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर करण्याची रीत अनेक घरांत आहे. टाकीचे पैसे वाचतात, पण खोकला राहतो. शिवाय पऱ्हाटीच्या गंजी पावसाळ्यापर्यंत धुऱ्यावर ठेवल्या, तर त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, तेव्हा त्या लवकर हलविणे पिकाच्याही हिताचे आहे.

ज्याच्या गोठ्यात पाच-सहा जनावरे आहेत, त्याला गोबरगॅसचा विचार करण्यासारखा आहे. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो ताजे शेण व तितकेच पाणी लागते. त्यातून मिळणारा गॅस महिन्याकाठी जवळजवळ दोन टाक्यांची गरज भागवितो आणि मळीचे खत शेतालाच मिळते. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असलेल्या गावांत आधी पाण्याची सोय पाहावी, मग खड्डा खणावा. टाकीला चीर पडून गॅस गळू देऊ नये. गोबरगॅसमधील मिथेन वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवितो. तो शेगडीत जळाला पाहिजे, हवेत सुटता कामा नये.

वसंतराव नाईक यांचे गहुली गाव याच तालुक्यातले, आणि त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या सभेत ग्रामसेवकांनी गावातील चार-पाच कुटुंबांची वीजबिले, टाक्यांची पुस्तके, पेट्रोलचा अंदाज आणि पंपाचे तास घेऊन वरीलप्रमाणे बेरीज फळ्यावर मांडावी. आकडे गावागणिक बदलतील. नदीकाठी पंपाचे खाते मोठे निघेल. डोंगराकडच्या कोरडवाहू तांड्यावर ते बहुधा कोरेच राहील, आणि तेथे चुलीच्या काजळीपासून बोलण्यास सुरुवात करावी लागेल.