मिलिंगला डीआरओ बसवण्याआधी

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्यासारख्या जॉबवर्क करणाऱ्यांकडे मिलिंगचं काम येतं ते मुख्यतः दोन धंद्यांतून. एक सळईच्या रोलिंग मिलचं: गाइड बॉक्स, बेअरिंगचे चॉक, कपलिंग. दुसरं बियाणं साफ करणाऱ्या आणि प्रतवारी करणाऱ्या यंत्रांच्या सुट्या भागांचं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचा धंदा या गावाच्या अंगवळणी पडला आहे. दोन्ही कामांत गिऱ्हाइकाची मागणी एकच असते, भोकाला भोक जुळलं पाहिजे. जुन्या टरेट मिलिंगवर ते जुळवायचं म्हणजे हँडलच्या डायलवरच्या रेघा मोजायच्या, बॅकलॅश नेहमी एकाच दिशेने काढायचा, आणि मध्येच कुणी हाक मारली की किती फेरे झाले याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

डीआरओने, म्हणजे टेबलाची जागा पडद्यावर आकड्यात दाखवणाऱ्या डिजिटल रीडआउटने, हा त्रास संपतो. स्केल आणि त्यावर सरकणारं रीडिंग हेड टेबलाची सरक थेट मोजतात, त्यामुळे स्क्रू झिजलेला असला तरी आकडा खरा येतो. १२० मिलिमीटर पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) सहा भोकं पाडायची असली तर यंत्रच सांगतं, पुढचं भोक ३०.००० आणि ५१.९६२ वर. पंच, कंपास, रोटरी टेबल यांपैकी काही लागत नाही. म्हणून घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी घ्याच म्हणतो. कसा घ्यावा, हे मात्र सविस्तर सांगावं लागतं.

माझ्याकडे पहिला संच बसला तेव्हा विक्रेत्याने सगळा वेळ पडद्यावरच घालवला. रंगीत अक्षरं, दोनशे पॉइंटची मेमरी, कॅल्क्युलेटर. सुरुवातीला काम छान चाललं. मग गाइड बॉक्सच्या जोड्या जुळेनात. पडद्यावर शून्य, आणि डायल गेज लावली की काही शतांश मिलिमीटरचा फरक. तोही रोज वेगळा. आमच्या मिलिंगवाल्या काकांनी टेबल लॉक करून वाय अक्षाच्या रीडिंग हेडचा ब्रॅकेट अंगठ्याने दाबला, तर आकडा बदलला. बसवून देणाऱ्याने हेड पातळ पत्र्याच्या अँगलवर लटकवलं होतं. जाड कट घेतला की अँगल थरथरायचा आणि दिशा बदलली की वाकायचा. काकांनी १२ मिलिमीटरच्या एमएस प्लेटचा ब्रॅकेट स्वतः मिल करून बसवला आणि तक्रार तिथेच मिटली. पडदा, स्केल, वायर सगळं तेच राहिलं होतं.

म्हणून मी सांगतो, अर्धा डीआरओ दुकानात विकत मिळतो, उरलेला अर्धा आपल्या मशीनवर बनतो. स्केलची बॉडी टेबलाच्या चालीला समांतर हवी, दोन्ही बाजूंनी डायल फिरवून पूर्ण लांबीत ०.१ मिलिमीटरच्या आत. हेडला लावलेले वाहतुकीचे प्लास्टिकचे तुकडे सगळं घट्ट झाल्यावरच काढायचे. स्केलची रबरी ओठांची फट खाली किंवा मागे राहिली पाहिजे. ती वर राहिली तर कूलंट आणि बुरादा सरळ आत जातो.

लांबीबद्दल तर कॅटलॉगवर विसंबूच नका. मशीनचे स्टॉपर काढा, टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, आणि त्या खऱ्या चालीपेक्षा मोजणारा भाग दोन्हीकडे थोडा जास्त असलेला स्केल मागा. हेड टोकाच्या झाकणावर आदळलं की काच गेली. एक्स अक्षाचा स्केल टेबलाच्या मागे लावला तर त्याच्या जाडीइतकी वायची चाल कॉलमकडून कमी होते, पुढे लावला तर स्टॉपरची खाच आणि लॉकचं हँडल अडतं. जागा कमी असेल तिथे पातळ बांध्याचा स्केल घ्या. तो महाग पडतो, पण वायची गेलेली चाल काही केल्या परत मिळत नाही.

पुण्याची इलेक्ट्रॉनिका, स्पेनची फॅगोर, जर्मनीची हायडेनहाइन, चीनची सिनो, अशी नावं बाजारात ऐकू येतात. नावाआधी स्केलचा प्रकार ठरवा. काचेच्या साध्या स्केलवर २० मायक्रॉनच्या अंतराने रेघा असतात. त्यांच्या सिग्नलचे चार भाग करून ५ मायक्रॉनचं रीडिंग मिळतं. हाताने चालणाऱ्या मिलिंगला एवढं भरपूर झालं. १ मायक्रॉनचा शेवटचा आकडा सतत नाचतो आणि टेबलाचा जिब ढिला असेल तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. दुसरा प्रकार चुंबकी पट्टीच्या स्केलचा. ही पट्टी तेल-पाणी सोसते, कापून हव्या त्या लांबीची करता येते. पण जालन्यात हवेत लोखंडी धूळ असते, ती पट्टीला चिकटते, रोज पुसावी लागते. डायलचा मॅग्नेट स्टँड कुणी त्या पट्टीवर ठेवला तर तिच्यावरच्या खुणा कायमच्या बिघडू शकतात. शॉपमध्ये नवी मुलं येत-जात असतील तर मी काचेचाच घेईन.

उन्हाचंही धरा. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, आणि मे महिन्यात आमच्या शेडमध्ये ४० च्या वर. पोलाद मीटरला अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, काच ८ च्या आसपास. दोन्ही ४० अंशांवर असताना काचेच्या स्केलवर बरोबर ४०० मिलिमीटर आलेला पोलादी तुकडा २० अंशांवर मोजला तर जवळपास २८ मायक्रॉन कमी भरतो. रोलिंग मिलच्या कामाला हे चालतं. डायच्या कामाला चालत नाही. आणि ॲल्युमिनियम तर पोलादाच्या दुप्पट वाढतं.

विजेचा प्रश्न इथे कायमचाच. वीज गेली आणि कुणी हँडल फिरवलं तर शून्य हरवतं. म्हणून स्केलवर रेफरन्स मार्क आहे का, आणि तो पकडून जुनं शून्य परत आणता येतं का, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्या. अर्थिंग स्वतंत्र आणि पक्कं ठेवा.

बसवून झालं की सही करण्याआधी तपासणी आपण करायची. टेबलावर एक स्टॉप बांधा, १०० मिलिमीटरची स्लिप गेज त्याला टेकवा, कॉलमवरच्या डायलचं टोक गेजला लावून डायल आणि डीआरओ दोन्ही शून्य करा. गेज काढा, डायल पुन्हा शून्यावर येईपर्यंत टेबल सरकवा. पडद्यावर १००.००० च्या जवळ काय येतं ते लिहून ठेवा. हेच टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना, एकदा डावीकडून येऊन, एकदा उजवीकडून. दोन दिशांचा फरक दिसला तर ब्रॅकेट किंवा जिब तपासा. टोकांनाच फरक पडला तर टेबल झुकतंय. झिजलेल्या मार्गांचा दोष डीआरओ भरून काढत नाही. स्केल टेबलाच्या बाजूला असतो आणि कटर त्याच्या बऱ्याच वर कापतो, त्यामुळे टेबल जेवढं झुकेल तेवढा फरक जॉबवर मोठा होऊन उतरतो. मार्ग घासून घेण्याचा खर्च आधी करावा लागेल का, हे याच तपासणीत कळतं.

पैशांचं बोलणं करताना रकमेचा काही भाग या तपासणीनंतर द्यायचा असं कोटेशनवरच लिहून घ्या. स्केलबरोबर अचूकतेचं प्रमाणपत्र मागा. हेड खराब झालं तर तेवढंच बदलून मिळतं का, आणि दुरुस्तीला माणूस छत्रपती संभाजीनगरहून येणार की पुण्याहून, तेही विचारा. काही जणांकडे बिघडलेला पूर्ण स्केल कुरियरने पाठवावा लागतो आणि तोवर मशीन हँडलच्या डायलवरच्या रेघांवर चालवावं लागतं.